'नो कॅच' म्हणायला काय जातं?

क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या माणसाला बेसबॉलमधला एक नियम सांगितला की तो हमखास म्हणतो, "काहीतरीच काय!"

नियम असा. बॅटरच्या तीन स्ट्राइक झाल्या की तो आऊट, हे खरं. पण त्या तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू मागे बसलेल्या कॅचरने जमिनीला न लागू देता झेलायला हवा. तो हातातून सुटला, किंवा आधी टप्पा पडून मग ग्लोव्हमध्ये आला, तर बॅटर आऊट नाही. तो पहिल्या बेसकडे पळू शकतो! मग त्याला बाद करायचं तर चेंडू घेऊन त्याला टॅग करा, नाहीतर तो पोचायच्या आत चेंडू पहिल्या बेसवर पोचवा. याला म्हणतात 'ड्रॉप्ड थर्ड स्ट्राइक'. (एक पोटनियमही आहे. पहिल्या बेसवर आधीच रनर असेल आणि दोनपेक्षा कमी आऊट झालेले असतील तर ही सवलत मिळत नाही. नाहीतर कॅचर मुद्दाम चेंडू सोडून एका दमात दोघांना बाद करेल.)

नियम विचित्र वाटतो खरा, पण तो आजकाल कुणीतरी बसून काढलेला नाही. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ साली बेसबॉलचे जे नियम लिहून काढले, त्यातच तो आहे. तीन चेंडू हुकले आणि शेवटचा झेलला गेला तर बॅटर बाद. झेलला नाही तर चेंडू खेळल्यासारखाच धरायचा आणि बॅटरने पळायचं. म्हणजे मुळात तिसरी स्ट्राइक ही शिक्षा नव्हतीच. 'बाबा, तुझे चान्स संपले, आता पळ' असा तो प्रकार होता. बाद करण्याचं काम क्षेत्ररक्षकांनीच पूर्ण करायचं. असं बघितलं की नियम क्रिकेटवाल्यालाही पटतो. झेल सुटला तर आपल्याकडेही बॅट्समन आऊट नसतोच की.

माझी तक्रार नियमाबद्दल नाही. तक्रार आहे ती या नियमाच्या वेळी अंपायर जे बोलतो (किंवा बोलत नाही) त्याबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, नागपुरात बसून बेसबॉलच्या अंपायरची चिंता कशाला? तर मंडळी, आपल्या विदर्भात शाळा-कॉलेजच्या स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळले जातात. पेपरात त्याची बातमी दोन ओळींची येते, म्हणून आपल्याला पत्ता नसतो एवढंच. आणि सॉफ्टबॉलच्या फास्ट पिच प्रकारात हाच नियम जसाच्या तसा आहे.

एका शनिवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन मी आणि ऑफिसातला एक मित्र असाच मुलींचा एक सामना बघत उभे होतो. शेवटची इनिंग, दोन आऊट. पिचरने खाली बुडणारा चेंडू टाकला, बॅटरने जोरात बॅट फिरवली, चेंडू हुकला. अंपायरने उजव्या हाताची मूठ वर केली. झालं! कॅचरने चेंडू पिचरच्या दिशेने टाकून दिला, मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, आणि बॅटर खाली मान घालून निघाली. तेवढ्यात तिचा कोच ओरडला, "भाग! भाग!" ती आधी बावरली, मग सुसाट सुटली.

मित्र म्हणाला, "अबे, ते आऊट झाली ना? मग पळून काऊन राहिली?"

मैदानावरच्या निम्म्या लोकांचा तोच प्रश्न होता. ती पहिल्या बेसवर पोचली, चेंडू मोकळाच पडलाय म्हटल्यावर दुसऱ्यावरही पोचली. पुढची दहा मिनिटं नुसता गलका. अंपायरचं म्हणणं एकच, "मी स्ट्राइक दाखवली. आऊट कुठे म्हटलं?" नियमाने त्यांचं बरोबर असेलही. चेंडूला टप्पा पडला होता की नाही हे आम्हाला लांबून दिसलं नाही. पण हातातला ग्लोव्ह जमिनीवर आपटून रडणाऱ्या त्या कॅचर मुलीला 'तुझंच चुकलं' असं सांगायला माझी जीभ रेटली नसती. तिने अंपायरकडे बघितलं होतं. अंपायरने मूठ वर केली होती. तिने आणखी काय बघायचं होतं?

आता हाच प्रसंग जगातल्या सगळ्यात महागड्या बेसबॉलमध्ये घडलेला बघा. १२ ऑक्टोबर २००५, शिकागो. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना, शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध एंजल्स. पहिला सामना एंजल्सने जिंकलेला. स्कोअर १-१, नववी इनिंग, दोन आऊट. व्हाइट सॉक्सच्या ए. जे. पिअरझिन्स्कीने खालच्या चेंडूवर बॅट फिरवली आणि हुकला. होमप्लेटमागचे अंपायर डग एडिंग्ज यांनी हात बाजूला केला आणि मग मूठ आवळून दाखवली. कॅचर जॉश पॉलने चेंडू झेलला असं समजून तो पिचरच्या उंचवट्याकडे घरंगळत सोडला आणि निघाला. एंजल्सचे खेळाडू मैदान सोडायला लागले. पिअरझिन्स्कीही डगआऊटकडे एक पाऊल टाकून थबकला, आणि वळून पहिल्या बेसकडे धावत सुटला. अंपायरने त्याला सेफ ठरवलं. त्याच्या जागी पळायला आलेल्या पाब्लो ओझुनाने दुसरा बेस चोरला, जो क्रीडीने डबल मारली, आणि व्हाइट सॉक्सने सामना २-१ असा जिंकला. पुढे त्यांनी मालिका ४-१ ने घेतली आणि वर्ल्ड सीरिजही. १९१७ नंतरची त्यांची ती पहिलीच.

सामन्यानंतर एडिंग्ज यांनी सांगितलं की ती मूठ म्हणजे त्यांची नेहमीची 'तिसरी स्ट्राइक' दाखवायची पद्धत, आऊटचा इशारा नव्हे. चेंडू जमिनीला लागला होता का यावर रिप्ले बघणारे आजही भांडतात. मला त्या भांडणात पडायचंच नाही. समजा, लागला होता. समजा, एडिंग्ज शंभर टक्के बरोबर होते. तरी मैदानावरच्या नऊ माणसांना ते कळलं नाही, ही गोष्ट उरतेच.

इथे मी चूक आणि अस्पष्टता या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. आपल्या जामठ्याचंच उदाहरण घ्या. २९ जानेवारी २०१७, भारत-इंग्लंड टी-२०. शेवटच्या षटकात इंग्लंडला ८ धावा हव्या होत्या. बुमराहच्या पहिल्याच चेंडूवर अंपायर शमशुद्दीन यांनी जो रूटला पायचीत दिलं. चेंडूने आधी बॅटची कड घेतली होती. टी-२० मध्ये तेव्हा डीआरएस नव्हतं. इंग्लंड ५ धावांनी हरलं आणि मॉर्गनने सामन्यानंतर जाहीर नाराजी व्यक्त केली. ती होती चूक. पण वर गेलेल्या त्या बोटाचा अर्थ काय, अशी शंका स्टेडियममधल्या एकाही माणसाला आली नाही. रूटला कळलं, बुमराहला कळलं, वरच्या स्टँडमध्ये बसलेल्याला कळलं. शिकागोत उलटं झालं. निर्णय कदाचित बरोबर, पण तो काय आहे हेच कुणाला ठाऊक नाही.

मला विचाराल तर दुसरा प्रकार जास्त वाईट. चुकीच्या निर्णयावर निदान सगळे एकाच बाजूला पळतात!

याचं मूळ कशात आहे ते बघू. तिसऱ्या स्ट्राइकच्या क्षणी अंपायरकडे दोन बातम्या असतात. पहिली, ही स्ट्राइक आहे. दुसरी, चेंडू झेलला गेला किंवा गेला नाही. बॅटरचं काय करायचं ते दोन्ही मिळून ठरतं. आणि अंपायर जर दोन्हींसाठी एकच मूठ दाखवत असेल, तर दुसरी बातमी त्याच्या डोक्यातच राहिली. सॉफ्टवेअरमधल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. एका फंक्शनने दोन वेगळ्या परिस्थितींत एकच उत्तर परत द्यायचं, आणि बोलावणाऱ्याने ओळखायचं की यावेळी नक्की काय झालं! आमच्याकडे 'झालं' हा शब्द असाच आहे. डेव्हलपर म्हणतो "झालं", म्हणजे कोड लिहून झाला. टेस्टरला वाटतं तपासायला आला. मॅनेजरला वाटतं ग्राहकाकडे पोचला. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता या तीन अर्थांची जी टक्कर होते, ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना जॉश पॉलचं दुःख लगेच कळेल.

अर्थात प्रत्येक सुटलेल्या चेंडूला ही अडचण येत नाही. १९४१ च्या वर्ल्ड सीरिजमधला चौथा सामना प्रसिद्ध आहे. ब्रुकलिन डॉजर्स ४-३ ने पुढे, नववी इनिंग, दोन आऊट. यांकीजच्या टॉमी हेन्रिकची तिसरी स्ट्राइक हुकली, पण कॅचर मिकी ओवेनलाही चेंडू सापडला नाही. हेन्रिक पहिल्या बेसवर, आणि तिथून यांकीजने सामना ७-४ असा फिरवला. बिचाऱ्या ओवेनचं नाव त्या एका चेंडूला कायमचं चिकटलं. पण तिथे संवादाचा घोळ नव्हता. चेंडू लांब जाताना सगळ्यांना दिसत होता. इशाऱ्याची खरी गरज पडते ती चेंडू जमिनीपासून बोटभर अंतरावर ग्लोव्हमध्ये शिरतो तेव्हा. तिथे डोळ्यांवर भरवसा नसतो, अंपायर म्हणेल तेच खरं. आणि गंमत अशी की अंपायर कॅचरच्या मागे उभा, त्यामुळे चेंडू नेमका कॅचरच्या अंगाआड. म्हणूनच बेसजवळच्या अंपायरांची मदत घ्यायची पद्धत आहे. जिथे सगळं अंपायरच्या शब्दावर चालतं, तिथेच तो शब्द नसावा?

या बाबतीत आपल्या क्रिकेटकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. क्रिकेटच्या नियमांत इशाऱ्यांचे सरळ दोन गट केलेत. डेड बॉल, नो बॉल, आऊट आणि वाइड हे चेंडू खेळात असताना करायचे इशारे, कारण त्यावर खेळाडूंना लगेच काहीतरी करायचं असतं. चौकार, षटकार, बाय, लेग बाय वगैरे चेंडू मृत झाल्यावर, कारण ते स्कोअररसाठी असतात. पहिल्या गटातले आऊट सोडून बाकीचे इशारे नंतर स्कोअररसाठी पुन्हा करायचे. म्हणजे बातमी कुणासाठी आणि केव्हा, याचा विचार झालेला आहे. शिवाय स्कोअररने प्रत्येक इशाऱ्याची वेगळी पोच दिल्याशिवाय अंपायरने खेळ पुढे सुरू होऊ द्यायचा नाही. (नेटवर्किंगवाले, ऐकताय ना? :) ) आणि मला सगळ्यात आवडणारी तरतूद ही: आऊटसाठी बोट वर, पण आऊट नसेल तर नुसतं गप्प उभं राहायचं नाही, तोंडाने 'नॉट आऊट' म्हणायचं. 'काही झालं नाही' ही सुद्धा एक बातमी आहे, हे क्रिकेटने मान्य केलंय.

पण क्रिकेटमध्येही एक भोक आहेच: चेंडू मृत कधी होतो? त्याला दरवेळी इशारा नाही. दोन्ही संघांनी चेंडू खेळात असल्याचं मानणं सोडलंय असं गोलंदाजाकडच्या अंपायरला स्पष्ट दिसलं की तो मृत. म्हणजे पुन्हा अंपायरच्या डोक्यातली गोष्ट. ४ ऑक्टोबर २०२४ ला दुबईत महिलांच्या टी-२० विश्वचषकात याचा तमाशा झाला. सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज ज्यात होत्या तो आपला संघ, समोर न्यूझीलंड. षटकाचा शेवटचा चेंडू, एक धाव झाली, अंपायरने ओव्हर पुकारून दीप्ती शर्माला तिची टोपी परत दिली. चेंडू लाँग ऑफला हरमनप्रीतच्या हातात. तेवढ्यात न्यूझीलंडच्या दोघी दुसऱ्या धावेसाठी सुटल्या. हरमनने थ्रो केला, रिचा घोषने स्टंप उडवले, अमेलिया कर चालायलाही लागली. आणि अंपायरांनी तिला परत बोलावलं: चेंडू मृत होता! हरमन भडकली, कोच अमोल मुजुमदार बाहेर अधिकाऱ्यांशी बोलताना दिसले. त्या क्षणी मैदानावर दोन खेळ चालू होते. अंपायरच्या डोक्यात षटक संपलं होतं, खेळाडूंच्या डोक्यात चेंडू जिवंत होता. कर पुढच्याच षटकात बाद झाली आणि भारत ५८ धावांनी हरला, त्यामुळे निकालावर फरक पडला असं नाही. पण तो आपल्या नशिबाचा भाग.

ट्रेंट ब्रिजला ३१ जुलै २०११ ला तेच. चहापानाआधीचा शेवटचा चेंडू, सीमेजवळ प्रवीण कुमारने अडवला, पण त्याचा आव चौकार गेल्याचा. इयान बेल चहा झाला समजून पॅव्हेलियनकडे निघाला आणि धावबाद झाला. धोनीने चहाच्या वेळात अपील मागे घेतलं म्हणून निभावलं. त्या वर्षीचा स्पिरिट ऑफ क्रिकेट पुरस्कारही त्याला मिळाला. फार छान. पण समोरच्या कॅप्टनच्या मनाच्या मोठेपणावर खेळ चालवता येत नाही. तो असला तर देवाची कृपा.

"अरे पण आता रिप्ले आहे ना!" असं कुणीतरी म्हणणारच. रिप्लेने घडलेली गोष्ट तपासता येते, न घडलेली घडवता येत नाही. १० जून २०२४, न्यूयॉर्क, टी-२० विश्वचषक. बांगलादेशच्या महमुदुल्लाला पायचीत दिलं, चेंडू पॅडला लागून सीमापार गेला. डीआरएसने निर्णय फिरवला, तो नाबाद. पण बोट वर गेलं त्या क्षणी चेंडू मृत, म्हणून ते चार लेग बाय मिळाले नाहीत. बांगलादेश हरला ४ धावांनीच. एकदा इशारा झाला की त्यावर माणसं वागतात: कुणी थांबतं, कुणी चेंडू टाकून देतं. ते वागणं उलटं फिरवायची सोय कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. म्हणून इशारा त्या क्षणीच स्पष्ट हवा.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत, आणि दोन्हींत दम आहे.

पहिला: कॅचरनेच शहाणं असावं. शंका आली की बॅटरला टॅग करून मोकळं व्हावं, एक सेकंदाचं काम. एकदम मान्य. प्रत्येक कोच हेच शिकवतो आणि शिकवावंच. पण रस्ता ओलांडणाऱ्याने दोन्हीकडे बघावं म्हणून कुणी व्हेरायटी चौकातला सिग्नल बंद करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: अंपायरने 'नो कॅच' म्हटलं तर तो बॅटरला टिप देतो. बॅटरचं लक्ष नव्हतं, अंपायरने त्याला जागं केलं, हा पक्षपात नाही का? मी यावर बराच विचार केला. माझं उत्तर असं, की सल्ला आणि निर्णय यात फरक आहे. 'पळ' हा सल्ला झाला, तो अंपायरने कधीच देऊ नये. 'नो कॅच' हा निर्णय, आणि तो एकाच वेळी दोन्ही संघांना ऐकू जातो. बॅटरला पळायचं कळतं तसं कॅचरला टॅग करायचंही कळतं. उलट गप्प राहण्यानेच पक्षपात होतो, कारण मग ज्याचा कोच जास्त जोरात ओरडतो त्याचा फायदा.

अमेरिकेत पुढे नियमात बदल झाला तो बॅटरपुरता. आपली परिस्थिती न ओळखता तो होमप्लेटभोवतीचं मातीचं वर्तुळ सोडून गेला तर त्याला आऊट द्यायचं. पण अंपायरांच्या प्रशिक्षणात आता सांगितलं जातं ते जास्त कामाचं आहे. शंकेचा चेंडू असेल तर आधी स्ट्राइक दाखवा, आणि झेल झाला नसेल तर मोठ्याने 'नो कॅच' म्हणून दोन्ही हात आडवे पसरा, सेफ दाखवतात तसे. झेल झाला असेल तर तेही स्पष्ट सांगा. दोन बातम्या, दोन इशारे, वर आवाज. संपलं.

हे आपल्या जिल्ह्याच्या मैदानावर करायला पैसा लागत नाही. कॅमेरा नको, स्क्रीन नको. सामन्याआधी अंपायरने दोन्ही कॅप्टनना बोलावून अर्ध्या मिनिटात सांगायचं: माझी मूठ म्हणजे फक्त स्ट्राइक, चेंडू सुटला असेल तर मी 'नो कॅच' म्हणेन, मी आऊट म्हणेपर्यंत खेळ चालू. आपल्याकडे याची गरज जास्तच आहे, कारण आपली पोरं सॉफ्टबॉल शिकण्याआधी दहा वर्षं क्रिकेट बघत असतात. अंपायरचा हात वर गेला म्हणजे विषय संपला, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. शिवाय हे सामने नुसते गमतीचे नाहीत. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत. खेळाच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. एखाद्या गावाकडच्या मुलीचं पुढचं पाऊल त्या एका चेंडूवर अडकलेलं असू शकतं.

ती हरली तर हरू दे. चेंडू सुटला म्हणून हरावं, थ्रो चुकला म्हणून हरावं. त्यातून माणूस शिकतो. पण अंपायरच्या मुठीत काय होतं ते ओळखता आलं नाही म्हणून हरायला लागलं, तर त्यातून ती काय शिकणार?

असो. सोमवारी कुणी "झालं" म्हटलं, तर मी आता विचारणार आहे, "कॅच, की नो कॅच?"